डावं अंग, उजवं अंग

वनखात्याच्या त्या कचेरीत तिला सगळे पट्टेताई म्हणत. जंगलात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांतले फोटो तिच्या टेबलावर यायचे आणि पट्ट्यांवरून कोणता वाघ कोणता, हे ती ठरवायची. एका वाघाचे पट्टे दुसऱ्याशी जुळत नाहीत. इतकंच काय, एकाच वाघाचं डावं अंगसुद्धा उजव्यासारखं नसतं. म्हणून प्रत्येकाच्या कार्डावर दोन्ही अंगांचे फोटो लागत. नऊ वर्षांत तिचा शब्द कोणी खाली पडू दिला नव्हता, आणि तिला त्याची थोडी मिजासही होती, खोटं कशाला बोला.

गवत कापणाऱ्या बाईचा दंड फाडणारी वाघीण म्हणजे मावशी, हे तिनेच सांगितलं होतं. हल्ल्याच्या जागेजवळच्या कॅमेऱ्यात डावं अंग आलं होतं, खांद्यामागे दुभंगलेला एक पट्टा. मावशीच्या कार्डावर तोच होता. मावशीला पकडून आणलं. उद्या सकाळी ट्रक येणार आणि ती जन्मभरासाठी पिंजऱ्यात जाणार.

मावशी हे नाव वडिलांनी ठेवलेलं. ते इथेच वनरक्षक होते. "मांजरीला वाघाची मावशी म्हणता, मग खुद्द वाघिणीने काय घोडं मारलंय?" असा त्यांचा सवाल. सात वर्षांपूर्वी पायवाटेच्या वळणावर ती त्यांना दहा पावलांवर भेटली होती, बरोबर दोन पिल्लं. यांच्या हातात काठी तेवढी. ती गुरगुरली, पिल्लांना पुढे घालून वळली, दहा पावलांवर थांबून एकदा मागे पाहिलं आणि निघून गेली. जाताना तिच्या उजव्या बरगडीवर गाठ मारल्यासारखा पट्टा त्यांना दिसला. त्या दिवशी घरी येऊन ते लेकीच्या डोक्यावर हात ठेवून कितीतरी वेळ नुसते बसले होते.

"मला तिला एकदा बघू दे," दुपारी वडील म्हणाले. "ती तसली नाही गं."

"बाबा, पट्टे खोटं बोलत नाहीत."

पण ती त्यांना घेऊन गेली. पिंजरा मागच्या अंगणात भिंतीला लागून उभा होता. वाघिणीचं उजवं अंग बाहेरच्या बाजूला होतं, गाठीचा पट्टा स्पष्ट दिसत होता, आणि तो कार्डाशी जुळल्यावर पलीकडे डोकावायची तसदी कोणी घेतली नव्हती. वडील गुडघे धरत खाली बसले. "ओळखलंस का मला?" त्यांनी विचारलं. ओळख कसली, वाघीण फिसकारून उठली आणि तेवढ्याशा जागेत अंग आखडून वळली.

डावं अंग समोर आलं. खांद्यामागे सरळ तीन पट्टे. दुभंगलेला एकही नाही.

 लेकीने कचेरीत धावत जाऊन पहिल्या वर्षाचे फोटो बाहेर काढले. पाणवठ्यावर तेव्हा एकच कॅमेरा होता. सकाळी एक वाघीण उजवं अंग दाखवत पाण्याकडे गेली होती, आणि सहा मिनिटांनी डावं अंग दाखवत परतली होती. गेली तीच आली, असं धरून तिने दोन्ही फोटो एका कार्डावर चिकटवले होते. गेली होती एक आणि आली होती दुसरी. पुढेही कॅमेरे मोजकेच, एका वाटेला एक. जे अंग मिळेल ते ती डोळे झाकून त्याच कार्डाला जोडत गेली.

गप्प बसली असती तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. ती उठून साहेबांसमोर उभी राहिली.

"आत्ता सांगता?" साहेब उखडले. "गाव आत्ता कुठे शांत झालंय!"

"चूक माझी आहे, साहेब. तसं लेखी देते. बाईवर धावली ती दुसरी, ती अजून शोधावी लागेल. ही ती नव्हे."

साहेबांनी स्वतः पिंजऱ्यापाशी जाऊन डावं अंग फोटोशी ताडून पाहिलं. मग त्यांनी फोन करून ट्रक थांबवला.

ती रडवेली होऊन वडिलांपाशी आली. "बाबा, तुमच्या मावशीला मी जन्मठेप दिली होती."

"दिली होतीस. आता फिरवलीस ना? डोळे पूस."

तीन दिवसांनी, खात्री पटल्यावर, मावशीला पाणवठ्याजवळ सोडलं. बापलेक जीपमध्ये काचा वर करून बसले होते. दार उचललं गेलं. मावशी बाहेर आली, दहा पावलं चालली, थांबली आणि मान वळवून तिने मागे पाहिलं. लेकीचा कॅमेरा मांडीवर तसाच राहिला. वडिलांनी तिचा हात घट्ट धरला.

"त्या दिवशीही अशीच थांबली होती," ते म्हणाले. "मग तिने मला तुझ्याकडे घरी येऊ दिलं."

मावशी गवतात शिरली. वडिलांनी हात काही सोडला नाही, आणि तिनेही काढून घेतला नाही.