हवेचा ताप

उमरग्याच्या मदरशाच्या, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेच्या, अंगणात चार पायांवर एक पांढरी लाकडी पेटी उभी होती. वारा आत खेळावा पण ऊन शिरू नये म्हणून तिच्या चारी बाजूंना तिरप्या पट्ट्या होत्या. गाव तिला ‘पाऱ्याचं देऊळ’ म्हणे आणि वीरप्पा मास्तरांना तिचा पुजारी.

आत पारा भरलेल्या काचेच्या दोन नळ्या. एक हवेची गरमी सांगायची. दुसरीच्या बुडाला भिजलेलं फडकं बांधलेलं, आणि त्याची वात खालच्या वाटीतल्या पाण्यात सोडलेली. हवा कोरडी असली की फडक्यातलं पाणी भराभर उडतं आणि ती नळी गार पडते. हवा ओली असली की दोघींत फरक उरत नाही. “आंघोळ करून वाऱ्यात उभं राहा,” मास्तर पोरांना म्हणत, “म्हंजे मी काय सांगतोय ते अंगालाच कळंल.”

रोज सकाळी नि दुपारी मास्तर दोन्ही आकडे लिहीत आणि महिनाअखेर कागद हैदराबादच्या वेधशाळेला धाडत. तीन वर्षं अखंड नोंद झाली तर पेटी उमरग्यात कायमची, नाहीतर दुसऱ्या गावी, असा तिथल्या दफ्तराचा हुकूम होता. तापात, पावसात, घरच्या लग्नातसुद्धा मास्तरांनी खाडा पडू दिला नव्हता. आता तीन वर्षं भरायला दसऱ्यापर्यंतचाच अवकाश होता.

सरकारी हिशेबानं आबान महिना चालला होता, आपल्या हिशेबानं भाद्रपद सरत आला होता. मास्तरांच्या हाताला गळू झालं, म्हणून वाटीत पाणी घालायचं काम त्यांनी थोरल्या बहिणीवर, गंगम्मा अक्कावर सोपवलं. दुसऱ्या दिवशी बघतात तर दोन्ही नळ्यांचा पारा एका रेघेवर! मास्तरांनी गावाला सांगून टाकलं, “हवा पाण्यानं भरलीय. हस्ताचा, हत्तीचा पाऊस दणकून येतोय.”

ते ऐकून कोंडीराम शेतकऱ्यानं खळ्यावर वाळत घातलेला उडीद उचलून घरात भरला. ऊन मात्र कडकडीत पडतच राहिलं. चार दिवसांनी तो मदरशाच्या दारात येऊन उभा राहिला.

“मास्तर, तुमचा हत्ती कुठं अडकलाय वो? उडदाला वास सुटला घरात.”

“पारा खोटं बोलत न्हाय, कोंडीराम.”

“नसंल बोलत. पन म्या धोतर पिळून झटकतोय तवर वाळतंय, मग ते खोटं बोलतंय व्हय?”

पोरं फिदीफिदी हसली.

त्या दिवशी धडा होता दिवस-रात्र सारखी होण्याचा. मास्तरांनी अंगणात एक काठी रोवली होती आणि तिच्या सावलीच्या टोकाशी पोरं सकाळपासून खडे ठेवत होती. “इतर दिवसांत ही वाट वाकडी पडते,” मास्तर सांगत होते, “या दिवसांत मात्र सरळ. इथून पुढं दिवस आखडत जायचा.” सांगता सांगता त्यांची नजर सावलीवर खिळली. सुरीनं कापावी तशी तिची कड होती. आभाळ धुतल्यासारखं निळं. असं लखलखीत ऊन, चटचट वाळणारं धोतर, आणि हवा म्हणे पाण्यानं भरलेली?

ते तसेच पेटीकडे गेले. इतकी वर्षं नजर पाऱ्याच्या टोकावर. नळीचं बूड आडव्या फळीमागं, तिकडं कोण बघतंय? वाकून त्यांनी चाचपलं. बोटांना ओलं लागलं. कोरड्या नळीलाही कुणीतरी मऊ धुवट फडकं नीट गाठ मारून बांधलं होतं.

“अक्का!”

अक्का हातातलं सूप घेऊनच बाहेर आली. “काय रे ईरप्पा, कशाला वरडतोस?”

“हे कुणी बांधलं?”

“म्याच की. तूच पोरास्नी सांगतोस, ह्यात हवेचा ताप दिसतोय म्हून. एकीच्या कपाळावर पट्टी ठेवलीस नि दुसरी फणफणलीय तरी तशीच! मला न्हाय बघवलं.”

मास्तरांनी फडक्याच्या गाठीला हात घातला. “ती आजारी न्हाय, अक्का. तापायचंच काम हाय तिचं.”

“मग ताप कशाला म्हंतोस?”

मास्तरांनी फडकं सोडलं आणि कोंडीरामला निरोप धाडला, उडीद बाहेर काढ.

दिवेलागणीला ते कागद पुढ्यात घेऊन बसले. कोरड्या नळीचे त्या दिवसांचे आकडे पार वाया गेले होते.

“अंदाजानं घाल की,” अक्का म्हणाली. “गेल्या साली ह्याच दिवसांत कितीक व्हतं ते बघ नि घाल. हैदराबादचा मानूस का इथं घाम पुसायला येतोय?”

खरंच कुणाला कळणार नव्हतं. मास्तरांनी टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून बसले. उद्या कुणी शिकलेलं पोर विचारील, त्या साली पाऊस सरताना उमरग्यात ऊन कसं होतं? त्याला उत्तर द्यायला एवढा कागदच असणार, आणि त्या उत्तरात आपला अंदाज खरा होऊन बसणार. त्यांनी त्या रकान्यांत एकेक आडवी रेघ ओढली आणि शेवटी लिहिलं: कोरड्या नळीस चुकून ओली पट्टी बांधली गेली.

“माझं नाव घातलंस?”

“न्हाय.”

“घाल. माझ्यापायी तुझी पेटी जाया लागली.”

“गावच्या पोरांना शिकवत बसलो, अक्का. तुमाला कधी बोलावून दाखवलं?”

अक्कानं दिव्याची वात सारखी केली.

दसरा होऊन गेल्यावर हुकूम आला. खाडा पडल्यामुळं तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातील; चूक आपणहून कळवली असल्यानं तोवर पेटी आहे तिथंच राहील.

“तोवर माझी नोकरी सरंल, वजिफा लागंल,” मास्तर म्हणाले. “मी घरी बसल्यावर कोण बघनार?”

“तू घरी बसशील, पारा का घरी बसतोय?” अक्का म्हणाली. “शिकव की कुनाला तरी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी पेटीचं दार उघडलं आणि सगळ्या पोरापोरींना रांगेत उभं केलं. “आधी बूड बघायचं, मग टोक,” ते म्हणाले. “एकेकानं पुढं यायचं.”

पदर खोचून सगळ्यांत पुढं अक्का उभी होती.