छत्तीस कामांची यादी

मामाची लिफ्टदुरुस्तीची एक पद्धत होती. लिफ्ट बंद पडली की तो अंदाज बांधत बसायचा नाही. दरवाजा तपासायचा, ठीक असला की कागदावर काट मारायची. मग स्विच, मग ब्रेक, मग मोटर. बाद करत करत शेवटी जे उरेल तिथेच घोडं अडलेलं असणार. वीस वर्षांत ही पद्धत त्याला कधी फसली नव्हती.

म्हणून ताईने जेव्हा भाचीला त्याच्या गळ्यात मारलं, "पुढे काय शिकायचंय विचारलं तर ताकास तूर लागू देत नाही, तुझं ऐकते, तूच बघ," तेव्हा या शहाण्याने भाचीचीही लिफ्टच केली. छत्तीस कामांची यादी लिहून काढली. पहिल्या ओळीत सवयीने स्वतःचंच काम लिहिलं गेलं. ते त्याने तिला दाखवायच्या आधीच खोडलं. घरात एक बळी पुरे.

भाचीला सगळे खारू म्हणत, कारण लहानपणी ती हाती येईल ते कुरतडायची. आता सोळाची झाली होती आणि मामाचं डोकं कुरतडत होती. शाळा सुटली की ती त्याच्या दुकानात स्टुलावर येऊन बसायची आणि मामा यादी पुढे सरकवायचा.

"दंतवैद्य?"

"दुसऱ्याच्या तोंडात हात? नको."

काट.

"वकील?"

"भांडायला मला घरी मिळतं."

काट. ओळखीच्या एका औषधवाल्याकडेही त्याने तिला नेलं. औषधवाल्याने गिऱ्हाईक जाईपर्यंत दम धरला आणि हळूच सांगितलं, "पोरी, काहीही कर, पण ही गल्ल्यामागची खुर्ची नको." आता बोला.

विषयनिवडीचा अर्ज शुक्रवारी पाचपर्यंत शाळेत द्यायचा होता. विषय एकदा लिहिले की दोन वर्षं बदलता येणार नव्हते. गुरुवारी दुपारी यादीतली शेवटची ओळही बाद झाली. मामाने पेन टेबलावर आपटलं.

"मग करणार काय तू? आभाळाला ठिगळं लावणार?"

खारूने यादीची घडी घातली आणि दप्तरात टाकली. तिच्या या काही न सांगण्याचाच मामाला खरा संताप यायचा. तिच्या वयात त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. वडिलांनी एके दिवशी एका मिस्त्रीच्या हाती त्याला सोपवलं आणि विषय संपला. इथे हिच्यासाठी दहा दिवस घसा कोरडा करतोय आणि पालथ्या घड्यावर पाणी.

तेवढ्यात फोन आला. एका सातमजली इमारतीची लिफ्ट चौथ्यावर अडकली होती. आत कुणी नव्हतं, पण वरच्या मजल्यावरचे आजोबा दवाखान्यातून येऊन खाली खुर्चीत बसून होते. मामाने अवजारांची पिशवी उचलली. खारूने दप्तर पाठीला लावलं आणि न सांगता बॅटरी घेतली.

सात मजले चढून दोघं गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत पोचले तेव्हा मामाची कंबर बोलायला लागली होती. त्याने दरवाज्यांची लाइन, म्हणजे सगळे दरवाजे लागल्यावरच जुळणारी वायर, मीटरने तपासली, काट मारली. स्विच तपासला, काट मारली. ब्रेकवर नुसतीच काट मारली आणि मोटर उघडायला बसला. उजेड हलला नाही. खारूने बॅटरी ब्रेकवरच धरून ठेवली होती.

"इकडे धर ना."

"ब्रेक तपासला नाहीस."

"गेल्या महिन्यात नवा बसवलाय मी."

"तपासल्याशिवाय बाद करायचं नाही. तूच म्हणतोस."

मामाने दात-ओठ खात मीटर लावला. ब्रेकच्या कॉइलची वायर सैल झाली होती. करंट पोचत नव्हता, म्हणून ब्रेक सुटत नव्हता. वायर घट्ट केली आणि लिफ्ट निमूटपणे तळमजल्यावर गेली. मोटर उघडली असती तर संध्याकाळ तिथेच गेली असती, आणि आजोबांचीही.

खारूने दप्तरातून घडी घातलेली यादी काढली आणि पहिल्या ओळीवर उजेड पाडला.

"ही कुणी बाद केली?"

मामा तोंडाला येईल ते बोलत सुटला. कंबर बघ माझी. हाताचं ग्रीस लग्नातसुद्धा निघालं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ताटावरून उठावं लागतं. तुझी आई मला उभा जाळेल.

"हे सगळं मी दहा दिवस स्टुलावर बसून बघितलंय," खारू म्हणाली. "पस्तीस कामांचं मला विचारलंस. याचं विचारलंच नाहीस."

"मग तू का नाही बोललीस?"

"तू खोडलं होतंस ना. मला वाटलं, मला जमणार नाही म्हणून खोडलंस."

मामाचा दहा दिवसांचा राग एका क्षणात स्वतःकडे वळला. त्याने तिच्या हातातून बॅटरी घेतली आणि मीटर तिच्या हातात दिला.

"आता सगळं पुन्हा एकदा तू तपास, दरवाज्यांच्या लाइनपासून सुरू कर," तो म्हणाला. "अर्ज उद्या पाचपर्यंत द्यायचाय. तोपर्यंत तुझ्या आईला काय सांगायचं ते मी बघतो."