जादा पाटा

"चाळीस नाही, तीस पेट्या," मी गाडीखालूनच म्हणालो.

"काका, बागवाल्याला मी चाळीस सांगून बसलेय." माझी पुतणी पुढच्या चाकाशी उभी होती. मला तिचे फक्त बूट दिसत होते, आणि त्यातला एक रागाने जमिनीवर आपटत होता.

"मग सांग त्याला, माझा काका हेकट आहे. दहा पेट्या दुसऱ्या खेपेला ने."

पुतणी मधमाश्या पाळते. जिथे फुलोरा येईल तिथे मधपेट्या न्यायच्या, महिनाभर ठेवायच्या, मग पुढची बाग. ट्रकवाले माश्यांचं नाव काढलं की लांबूनच हात जोडतात. म्हणून तिने स्वतःचा ट्रेलर घेतला. रविवारी तो भरून बागेत पोचायचं होतं, नाहीतर फुलं गळणार आणि पहिलंच काम हातचं जाणार. ट्रेलर ओढायला तिने गाडी काढली तीही कुठली, तर तिच्या बाबांची, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची. सतरा वर्षांची एसयूव्ही, त्यातली नऊ वर्षं ताडपत्रीखाली उभी.

दुसऱ्या कुणाची असती तर मी वाटेला लावलं असतं. नऊ वर्षांत मी एकाही गाडीला ट्रेलरचा हूक लावलेला नाही. गिऱ्हाईक विचारायचं, मी सांगायचो, ते काम आपल्याला येत नाही. साफ खोटं.

कारण सांगून टाकतो. नऊ वर्षांपूर्वी भाऊ याच गाडीला ट्रेलर जोडून फरश्या पोचवायचा. ओझ्याने गाडीची मागची बाजू पार खाली बसायची. "दादा, काहीतरी कर," म्हणाला. मी मागच्या स्प्रिंगमध्ये एक जादा पाटा, म्हणजे पोलादाची पट्टी, घातला. गाडी झकास सरळ उभी राहिली आणि आम्ही दोघे खूश. आता हवं तेवढं भर, हेसुद्धा मीच म्हणालो. अरे, पाट्याने गाडी उचलली जाते, थांबत नाही. आधी ती निदान खाली बसून सांगत होती की फार होतंय. मी तिचं तोंडच बंद केलं. आठवड्याभरात शाळेमागच्या उतारावर ब्रेक तापून निकामी झाले. भाऊ वाचला, पण गुडघा कायमचा गेला. त्यानंतर तो या गाडीत कधी बसला नाही. मला मात्र एका शब्दाने बोलला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर मला जरा झोप लागली असती.

या वेळी मी पान्ह्याला हात लावण्याआधी सगळं वजनकाट्यावर नेलं. गाडी, ट्रेलर, मधाने भरलेली एक पेटी, आणि पुतणीसुद्धा. त्यावर ती दोन दिवस फुगून होती. मग पुढचे ब्रेक मोठे घातले, सगळ्या नळ्या नव्या. टायर जास्त वजन पेलणारे. गिअरबॉक्सचं तेल थंड ठेवायला पुढे जाळी. हूक बंपरला नाही, थेट चासीला. आणि ट्रेलरच्या चाकांना त्यांचे स्वतःचे ब्रेक, गाडीचा ब्रेक दाबला की तेही लागतील असे.

"पण ओढेल ना?" पुतणीचं रोज तेच.

"ओढायचं काय कौतुक. थांबेल का ते विचार की."

शुक्रवारी भाऊ काठी टेकत गॅरेजमध्ये आला. गाडीभोवती एक फेरी मारली.

"तो पाटा काढलास?"

"पहिल्याच दिवशी."

"कुठाय?"

मी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. त्याने काठीच्या टोकाने पाटा जरा हलवून पाहिला. "उद्या कुठे बघणार चालवून?"

"तू सांगशील तिथे."

"शाळेमागे," तो म्हणाला आणि निघून गेला.

शनिवारी सकाळी ट्रेलरमध्ये तीस पेट्यांच्या वजनाची वाळूची पोती रचली, जड बाजू पुढे ठेवून. पुतणी स्टीअरिंगवर, मी शेजारी. उताराच्या तळाशी भाऊ उभा होता. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने छातीशी धरलेला भलामोठा दगड, चाकाखाली लावायला. त्या गुडघ्याने तो वेळेत वाकणार कसा होता, देव जाणे.

"काका, हँडब्रेकवरचा हात काढा. मला भीती वाटायला लागते."

काढला. मांडीखाली दाबून ठेवला.

उतार सुरू झाला. तिने खालचा गिअर टाकला, मी शिकवला तसा. मागचं ओझं मला पाठीत जाणवत होतं, पण ते ढकलत नव्हतं. मधल्या वळणाशी, नऊ वर्षांपूर्वी सगळं हातचं सुटलं तिथे, तिने ब्रेक दाबला. गाडी आणि ट्रेलर एका रेषेत थांबले. तिने पुन्हा सोडलं, पुन्हा थांबवलं. असं करत भावापासून दहा पावलांवर आम्ही उभे राहिलो.

भाऊ दगडासकट पुढे आला. पुढच्या चाकापाशी त्याने काठी बगलेत धरून पंजा नेला, न टेकवता. मग ट्रेलरच्या चाकापाशी गेला.

"दोन्हीकडे सारखंच तापलंय," तो म्हणाला.

"म्हणजे ओझं वाटून घेतायत," मी म्हणालो.

"कळतं मला."

त्याने दगड रस्त्याच्या कडेला ठेवला. मागचं दार उघडलं, काठी आत टाकली आणि मोडका पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. मी मागे वळलो.

"पुढे बघ दादा," तो म्हणाला. "चल ग, परत वर घे."

पुतणीने नाक ओढलं आणि गाडी वळवली. आरशात तो दगड दिसत राहिला, कडेला, कुठल्याही चाकाखाली नसलेला.