पाय आखूड आहे, सांभाळून बसा

मी एक जुनी, पत्र्याची घडीची खुर्ची आहे आणि मला स्वस्थ बसवत नाही. हसू नका, मित्रांनो! खुर्चीनं बसायचं नसतं, बसवायचं असतं, हे मलाही कळतं. पण माझा मागचा एक पाय जन्मापासून आखूड. कुणी टेकलं की मी डुगडुगते आणि माझ्याबरोबर तोही डुगडुगतो.

नाशिकच्या एका दुकानात मालक खंडेरावनं माझ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि ‘मजबूत माल’ म्हणून मला भिमाबाईंच्या गळ्यात मारलं, तेही उधारीवर. घरी येताच माझं बिंग फुटलं. तरी भिमाबाईंनी मला परत केलं नाही. गल्लीत खुर्ची अशी मी एकटीच. कुणाकडेही पाहुणा आला की हाक यायची, “भिमाबाई, खुर्ची द्या!” काय थाट होता माझा!

भिमाबाईंच्या मुलानं, सावळीरामनं, १९७९ साली सरकारी कारखान्यात अर्ज केला. आतलं काही बाहेर जाऊ नये म्हणून तिथं जाता-येता झडती व्हायची, आणि नोकरी देण्याआधी माणसाची चौकशी. वडिलांच्या आजारपणात खंडेरावकडून उसने घेतलेले पैसे अजून फिटले नव्हते. सावळीरामनं ते अर्जात लिहिलं. भिमाबाई चिडल्या. “कशाला लिहिलंस? कोण बघायला येतंय?”

आणि एका दुपारी, घरात कुणी नसताना, साध्या कपड्यातला एक माणूस आलाच. शेजारच्या नवसाबाईंनी मला ओढून त्याला बसवलं, पायाखाली पुठ्ठाही सरकवला. तो विचारू लागला, मुलगा कसा आहे? पितो का? कुणाचं देणं आहे का?

नवसाबाईंचे डोळे चमकले. त्यांना वाटलं, मुलीकडचा माणूस!

“देणं? छे हो! निफाडला द्राक्षाची बाग हाय त्यांची. पोरगं लय गुणाचं!”

माणसानं पिशवीतून कागद काढले. “अर्जात तर देणं लिहिलंय. बाग कुठंच नाही. मग खोटं कोण बोलतंय?”

अगं आई गं! माझा पत्रा तापला. तेवढ्यात सावळीराम सायकलवरून उतरला. नवसाबाईंनी त्याला बाजूला ओढलं. “मला वाटलं मुलीकडचा हाय, म्हणून देणं नाही, बाग हाय म्हटलं. मी खंडेरावला गप बसवते. लिहिताना चुकलं म्हण, नायतर नोकरी गेली!”

सावळीरामचा चेहरा पडला. मला वाटलं, म्हणतोय आता. पण तो माझ्यासमोर आला.

“साहेब, सांभाळून बसा. तिचा पाय आखूड आहे, खाली पुठ्ठा घातलाय. बाग नाही आमची. देणं आहे. ही खुर्चीसुद्धा उधारीची. मावशींना वाटलं, तुम्ही स्थळ घेऊन आलात.”

चारचौघांत माझी अब्रू गेली! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

साहेबांनी वाकून पुठ्ठा काढला आणि डुगडुगतच लिहू लागले. “देणं कुणाला नसतं? पण लपवलं की त्याची वेसण दुसऱ्याच्या हाती जाते. उद्या त्यानं ती ओढली, तर तू आतलं काय बाहेर आणून देशील? आम्हाला ती भीती.”

नोकरीचं मात्र काहीच न बोलता ते गेले. पुढचे दिवस फार वाईट गेले. भिमाबाई नवसाबाईंशी बोलेनात. सायकलची घंटी वाजली की सावळीराम माझ्यावरून उठायचा आणि पोस्टमन पुढं गेला की पुन्हा आदळायचा. मी नुसती कुरकुरत होते.

अखेर बोलावणं आलं. भिमाबाई रडल्या, आणि पहिला पेढा नवसाबाईंच्या तोंडात कोंबला. “घे गं, बागायतदारीण!”

खंडेरावचं देणं फिटलं. इंदिरानगरला घर झालं, सोफा आला आणि मी गच्चीवर गेले. सावळीरामची बायको मैना माझ्यावर पापडाची परात ठेवते. पाऊस माझे सांधे खातो. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, जुन्या खुर्चीला थोडं तेल द्या, जमलं तर रंग द्या. पण पायाखाली पुठ्ठा नको. पाहुण्याला आधीच सांगा, पाय आखूड आहे. सांगून बसवलेला एकही माणूस माझ्यावरून आजवर पडलेला नाही.