डाव्या बाजूचा क्लच

माझे वडील भाऊसो, म्हणजे आमचे आबा, हयातभर कळंब्यात गाडी शिकवायचे. शिकवायच्या गाडीत डाव्या सीटसमोरही क्लच आणि ब्रेक असतात. शिकणारा चुकला की आबा तिथून क्लच दाबायचे, आणि इकडं त्याच्या पायाखालचा क्लचही आपोआप खाली जायचा. आरडाओरडा नाही. मला शिकवतानाही एवढंच म्हणायचे, "सोड पोरी. हळू सोड. गाडी पायाला कळती."

आबा दिवाळीनंतर गेले आणि क्लास माझ्या गळ्यात पडला. आता येणाऱ्या निम्म्या लोकांना ऑटोमॅटिकच हवी. त्यात शिकवायचं काय, डोंबल? डावा पाय जावयासारखा नुसता बसून राहतो. तरी मी एक घेतली आणि आबांची गाडी विकायला काढली. लोकांना वाटलं, श्रुतीनं धंदा ओळखला.

खरं कारण वेगळं होतं. आबा गेल्यावर एकदा मी त्यांच्या गाडीतून एकटीच पन्हाळ्याला निघाले होते. चढावर क्लच चुकला, गाडी आचका देऊन बंद पडणार, तेवढ्यात माझ्या पायाखाली पेडल खाली गेलं. डावी सीट रिकामी होती. अंगावर सर्रकन काटा आला. दुसऱ्यांदा झालं तेव्हा मी रडले. त्यानंतर मी मुद्दाम चुकायला लागले. रोज. मागच्या आठवड्यात अशीच चढावर चुकले, गाडी मागं घरंगळली आणि एसटीला टेकायची राहिली. त्या दिवशी कळलं, ही गाडी दारात राहिली तर मी काही धड राहत नाही.

शाहूवाडीचे हंबीरराव दुपारी गाडी न्यायला आले. भातशेतीवाला माणूस, हात ट्रॅक्टरवर बसलेला.

"आमच्या घाटात गिअरचीच पायजे. गाडी आपल्या हातात ऱ्हाती," ते म्हणाले. मग डावीकडं बघून हसले. "घरी गेलो की पयलं हे जादाचं पेडल काढून टाकतो."

गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला. इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. गाडी जागची हलेना.

"ताई, क्लच वर यीना की."

मी खिडकीतून वाकून पाहिलं. त्यांचा पाय बाजूला होता आणि त्यांच्यापुढचं पेडल खालीच दबलेलं होतं. डावीकडचंही. सीटवर कुणीच नव्हतं, फक्त सीटची गादी जराशी खचलेली होती.

हंबीररावांचा चेहरा उतरला. मी डाव्या दाराशी गेले.

"आबा, सोडा आता," मी म्हटलं. "हळू सोडा."

दोन्ही पेडलं सावकाश वर आली. गाडीला जराही हिसका बसला नाही. ती अलगद फाटकाकडं सरकली. असा क्लच सोडणारा एकच माणूस मी पाहिला होता.

हंबीररावांनी ब्रेक दाबला, रिकाम्या सीटला हात जोडले आणि हळूच म्हणाले, "काढत न्हाय ताई. हाय तसं ऱ्हाऊ दे."

फाटकाबाहेर चढ आहे. तिथं ते चुकले, गाडी आचका द्यायला लागली. पण गाडी बंद पडली नाही. मऊ वर चढली आणि वळणाआड गेली.

मग मी नव्या गाडीत जाऊन बसले. डाव्या पायानं चाचपून पाहिलं. तिथं नुसती चटई होती.