साडेतीनची सनद

प्रेस्टनला टायची गाठ नीट मारता येत होती, म्हणून तो अध्यक्ष झाला. दुसरं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

आमच्या विद्यापीठात इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी गुणवंत मंडळाची शाखा नव्हती. नदीपलीकडे, आयोवातल्या कॉलेजात होती. तिथली पोरं पदवीदानाला गळ्यात सोनेरी गोंड्याची दोरी घालून मिरवायची आणि आमची नुसत्या काळ्या झग्यात उभी राहायची. हे दुःख आमचे विभागप्रमुख ओल्सगार्ड सर यांना वीस वर्षं छळत होतं. विभागात शिकवायला माणसं नाहीत, ग्रंथालयाचं छत गळतंय, त्याचं काही नाही. दोरी हवी!

मंडळाच्या मुख्य कचेरीला अर्ज पाठवायचा तर ब्याऐंशी पानं भरायची होती. ती मी लिहिली. माझा मुलगा ओटिस तेव्हा चार महिन्यांचा होता. दुपारी माझ्या पोटावर पालथा झोपायचा आणि मी त्याच्या डोक्यावरून हात लांबवून टाइप करायचे. मध्येच थांबून त्याची टाळू हुंगायची, की पुढचं पान.

होऊ घातलेल्या शाखेचा अध्यक्ष म्हणून प्रेस्टननं त्यात एकच भर घातली.

"मंडळाची अट चारपैकी तीन पूर्णांक तीन गुणांची आहे. आपण साडेतीन ठेवू. पलीकडच्यांना कळू दे, इथे सोम्यागोम्याला घेत नाहीत."

"सनदेवर सही करायला बारा जण लागतात, प्रेस्टन. जमतील?"

"नोला, तू ना, सारखी आईसारखी काळजी करतेस."

सर हसले. साडेतीनचा आकडा सनदेवरच सोनेरी अक्षरांत छापून मागवायचं ठरलं.

मग शाखेचे घरचे नियम झाले. बैठक दर मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला; तीनदा गैरहजर राहिलं की नाव कमी. पाळणाघर साडेपाचलाच बंद होतं. चौथ्या मंगळवारी प्रेस्टनचा मेल आला: माझ्या 'मोलाच्या योगदाना'बद्दल आभार, पण नियम म्हणजे नियम. खाली सही, 'संस्थापक अध्यक्ष'. ओटिसला गाजर भरवता भरवता मी तो वाचला. एक घास त्याच्या नाकात गेला.

दोरीचं मला काही नव्हतं. पण सनदेवर नाव हवं होतं, सरळच सांगते. ती ब्याऐंशी पानं माझी होती.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी नव्या सभासदांचा दीक्षा समारंभ ठरला. सरांचा फोन आला. "अर्जाची मूळ फाइल तुझ्याकडेच आहे ना? घेऊन ये. आणि येतेच आहेस, तर जरा मेणबत्त्या मांडशील?"

गेले. ओटिसला कडेवर घेऊन गेले. मेणबत्त्या बॅटरीच्या होत्या, कारण त्या इमारतीत काडी ओढायला बंदी. प्रेस्टननं मखमली झगा घातला होता, नाट्यविभागाकडून उसना आणलेला, कुठल्याशा राजाचा. गळ्यात दोरीही आधीच घालून बसला होता.

मुख्य कचेरीच्या स्ट्राउड मॅडम बर्फाचे बूट झाडत आल्या. सनदेची सह्यांची वही उघडण्याआधी त्यांनी गुणांची मोहोरबंद यादी फोडली आणि एकेका नावावरून बोट फिरवलं. बोट थांबलं.

"प्रेस्टन व्हिटलॉक?"

"मीच!"

"तीन पूर्णांक अठ्ठेचाळीस."



"ते... मागच्या सत्रात भूगर्भशास्त्र घेतलं होतं," प्रेस्टन म्हणाला. "दगडांनी घात केला, मॅडम. पण मंडळाला तीन पूर्णांक तीन चालतात ना?"

"मंडळाला चालतात. तुमच्या सनदेला नाही." त्यांनी चष्म्याच्या काडीनं तो सोनेरी आकडा दाखवला. "अकराच उरले. बारावा नसेल तर सनद घेऊन मी परत जाते. बर्फ वाढतंय."

सरांनी त्या दिवशी पहिल्यांदा फाइलकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "नोला, तुझे किती?"

"तीन पूर्णांक एक्याण्णव. पण मी तीनदा गैरहजर होते, सर. नियम म्हणजे नियम."

"अगं, तो घरचा नियम!" प्रेस्टन कळवळला. "तो आत्ता काढून टाकू."

"बैठक घ्यावी लागेल."

"हीच बैठक समज!"

"समजते. मग माझा ठराव घ्या. गैरहजेरीचा नियम रद्द. बैठका दुपारी बाराला. पोरं आणलेली चालतील."

"पोरं?"

ओटिसनं अशी किंकाळी फोडली की टेबलावरची एक मेणबत्ती आडवी झाली.

"तुमचंही ऐकलं," स्ट्राउड मॅडम त्याला म्हणाल्या. "चला, हात वर करा."

अकरा हात वर गेले. बारावा प्रेस्टनचा. सरांनी तो हळूच खाली केला. "तुला मत नाही रे, बाळा."

सही करायला हात मोकळा हवा होता. मी ओटिसला प्रेस्टनच्या हातात दिलं. "धर. दात येतायत त्याला, बोटं सांभाळ."

वहीत बाराव्या ओळीवर मी पूर्ण नाव लिहिलं, घाई न करता.

"ती दोरी काढून ठेवा आता, व्हिटलॉक," मागे स्ट्राउड मॅडम म्हणत होत्या.

"काढतोय, मॅडम. हा सोडत नाहीये."

वळून बघितलं तर सोनेरी गोंडा अख्खा ओटिसच्या तोंडात, आणि राजाची मखमल पोटापर्यंत ओली.

"नोला, ही नुसती लाळच आहे ना?" प्रेस्टननं विचारलं.

"नसावी," मी म्हटलं. "नाट्यविभागाला परत देण्याआधी धुऊन दे."