सँपल रूममधली पन्नास मिनिटं

बुटांच्या त्या कारखान्यात दीडशे माणसं कामाला होती आणि त्यातल्या एकशे अठ्ठेचाळीस जणांना पक्कं ठाऊक होतं की साहेबांचं पॅटर्नवालीवर प्रेम आहे. ठाऊक नव्हतं ते दोघांनाच, साहेबांना आणि पॅटर्नवालीला.

ही आग लावली रिसेप्शनवालीनं. बाई मनानं सोन्यासारखी, पण डोक्यात नुसत्या मालिका. कोरियन, चिनी, थाई, जी मिळेल ती. जेवणाच्या सुट्टीत डब्याला टेकवून मोबाइल उभा करायची आणि चौघीजणी तिच्या खांद्यावरून वाकून बघायच्या. गोष्ट मेली सगळीकडे एकच! साहेब घुमा, कधी हसत नाही. हाताखालची मुलगी गरीब आणि धडपडी. तो खेकसतो, ती लिफ्टमध्ये अडखळते, तो सावरतो, आणि बाराव्या भागात कळतं की खेकसणं म्हणजेच प्रेम होतं.

आता यांचे साहेबही घुमे. पण त्याचं कारण पित्त. सकाळपासून घसा जळत असेल तर माणूस हसणार कुठून? हे सांगायचं कोणाला! साहेबांनी पॅटर्नवालीच्या टेबलावर फाईल आपटली की "बघा, हिच्यावरच चिडतात." बरं, फाईल नीट ठेवली तरी "बघा, हिच्याशीच नीट वागतात." ती नाही म्हणाली तर लाजली, चिडली तर मनाला लागलं. घरी वहिनीसुद्धा एकदा विचारून गेली, "साहेबांचं लग्न झालंय का हो?" पॅटर्नवालीनं कपाळावर हात मारून घेतला.

तिचं दुखणं वेगळंच होतं. बुटाचं कातडं कापायच्या आधी त्याचा आकार कागदावर काढावा लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण कागदोपत्री ती 'सहायक', म्हणून तिच्या प्रत्येक पॅटर्नखाली सही साहेबांची. नऊ वर्षं हेच. करायचं हिनं आणि मिरवायचं त्यांनी! यंदा पहिल्यांदाच मुख्य कचेरीत पॅटर्न डिझायनरची जागा निघाली होती. स्वतःच्या कामाखाली स्वतःची सही. शिवाय राहायला खोली, म्हणजे भावाच्या हॉलमध्ये सगळे झोपायची वाट बघत गादी हातात घेऊन उभं राहणं संपलं. अर्ज भरून झाला होता. साहेबांनी मोबाइलवर 'मंजूर' दाबलं की काम फत्ते. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचची.

आठ दिवस ती मागे लागली होती. "बघतो," साहेब म्हणायचे. शुक्रवारी सकाळी म्हणाले, "अजून दिवस आहे की."

सव्वाचारला रिसेप्शनवाली धापा टाकत आली. "साहेबांनी सँपल रूममध्ये बोलावलंय. लगेच!"

झालं बाई एकदाचं, असं म्हणत पॅटर्नवाली चार्जिंगला लावलेला फोन तिथंच टाकून धावली. सँपल रूमला खिडकी नव्हती. भिंतीभर रॅक आणि त्यांवर नुसते डाव्या पायाचे बूट, कारण उजवे गिऱ्हाइकांना दाखवायला जायचे. मध्ये साहेब उभे.

"काय काम होतं, मॅडम?"

"माझं? तुम्हीच बोलावलंत ना?"

मागे दार लागलं. बाहेरून कडी सरकली आणि खुसखुस ऐकू आली.

तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. "अगं ए, उघड! पुरे झाला चावटपणा!"

"आधी मनातलं बोलून टाका, मग उघडते," बाहेरून आवाज आला.

"माझा अर्ज राहिलाय! पाचच्या आत झाला पाहिजे!"

"हो हो, अर्जच कर!" आणि हशा.

ती साहेबांकडे वळली. "साहेब, तुमचा फोन? त्यावरूनच 'मंजूर' करा ना."

साहेबांनी शर्टाचा खिसा चाचपला. "टेबलावर राहिला वाटतं."

मग तिनं दार बडवलं. हाताला झिणझिण्या आल्या तेव्हा रॅकवरचा एक बूट उचलून त्यानं बडवलं. शिव्या दिल्या, हातापाया पडली, काही उपयोग नाही. बाहेरच्यांना वाटलं, भांडण रंगात आलंय. साहेब आपले स्टुलावर बसून पित्ताची गोळी चघळत होते. भिंतीवरचं घड्याळ पुढे पुढे चाललं होतं. पावणेपाच झाले. पाचला पाच कमी झाले. पाच वाजले तशी ती मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली.

"एवढं काय मनाला लावून घेता?" साहेब म्हणाले. "पुन्हा निघेल जागा."

"नऊ वर्षांनी निघाली होती!"

पाच वाजून पाच मिनिटांनी साहेबांच्या पँटच्या खिशात फोन थरथरला.

दोघांनीही तो ऐकला. साहेब भलतीकडेच बघू लागले.

"फोन तुमच्याजवळच होता?" तिचा आवाज चिरकला. "पन्नास मिनिटं मी इथं डोकं आपटतेय आणि तुम्ही तो खिशात घेऊन बसलात?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. साहेबांनीही आवाज चढवला. "मग काय करू? तुम्हाला जाऊ देऊ? तुमच्याशिवाय माझा इथं एक दिवस निघायचा नाही, कळतंय का तुम्हाला?"

"अगंबाई! बोलले!" बाहेर कोणीतरी किंचाळलं. कडी निघाली. दारात दहाबाराजणी, तीन मोबाइल रोखलेले, आणि रिसेप्शनवालीचे डोळे भरून आलेले.

"माझी जागा गेली," पॅटर्नवाली तिला म्हणाली. "मुद्दाम घालवली यांनी. मला जायचं होतं गं!"

"अगं वेडे, जाऊ देत नाहीत म्हणजे काय ते समज ना!"

आता हिला काय सांगायचं? दगडावर डोकं आपटलेलं बरं. पॅटर्नवालीनं आपल्या टेबलावर जाऊन पर्स घेतली, फोन घेतला. "साहेब, सोमवारपासून तुमचे पॅटर्न तुम्हीच काढा," असं सगळ्यांदेखत सांगून ती जिन्याकडे चालू लागली. सोमवारी सकाळी उठून कुठं जायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

"रुसली गं!" मागून कौतुकानं कोणीतरी म्हणालं. "आता साहेब जातील बघा समजूत काढायला."

आणि साहेब खरंच आले. अर्ध्या जिन्यात त्यांनी तिला गाठलं. धाप लागली होती, कपाळावर घाम होता. वर कठड्याला सगळ्याजणी श्वास रोखून उभ्या. मुख्य कचेरीत फोन करून बघतो म्हणतील, असं क्षणभर तिला वाटलं, आणि ती थांबली.

साहेब जवळ आले, वर एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड तेवढा सांगून जा."

वर कोणालाच काही ऐकू गेलं नव्हतं. सगळ्याजणींनी टाळ्या वाजवल्या.